आता बंद करायला हरकत नाही

गेले तीन महिने आमचा घरचा कॉम्प्युटर मला ओळखत नाही. रोज दुपारी चालू केला की नव्याने ओळख. वायफायचा पासवर्ड विचारतो, मी सांगते. मराठी कीबोर्ड लावून देते. नेट जोडलं की घड्याळ ग्रीनिचच्या वेळेला जाऊन बसतं, ते मी आता सोडूनच दिलंय. संध्याकाळी बंद केला की सगळं साफ विसरतो, दुसऱ्या दिवशी परत ये रे माझ्या मागल्या.

बिघडलेला नाहीये. त्याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालतेय, फक्त ती पेन ड्राइव्हवरून चालतेय, आत बसवलेली नाही.

झालं असं की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला जी टीपीएम का काय ती चिप लागते ती आमच्या मशीनमध्ये नाही. रागावण्यासारखं काही नाही म्हणा, दहा वर्षं चाललं. पण मशीन धडधाकट आहे, पंखा थोडा जास्त घरघरतो एवढंच, आणि चालती वस्तू टाकून द्यायला माझा हात होत नाही. मुलगा म्हणाला, आई लिनक्स टाक की, फुकट असतं. आता फुकट ते पौष्टिक वगैरे ठीक आहे पण मी पडले उलट्या खोपडीची, फुकट म्हटलं की मला आधी संशय येतो.

हा संशय जुना आहे. कॉलेजात होते तेव्हा उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराची, सीडी पोस्टाने घरी यायची, आपण नुसता पत्ता भरायचा, पोस्टाचा खर्चसुद्धा त्यांचाच. मी मागवली आणि विसरून गेले, आणि एक दिवस खरंच आली की! छान कागदी पाकीट होतं. उलटंसुलटं करून बघितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं, कारण ओळख ना पाळख, इतक्या लांबून कोणी उगाच सीडी कशाला पाठवेल. २०११ मध्ये त्यांनी ते पाठवणं बंद केलं तेव्हाही माझी सीडी ड्रॉवरमध्येच होती.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण या गाईची गंमत अशी की ती स्वतःच आ वासून उभी आहे, मोजा म्हणते. सगळा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, उघडा, वाचा, पाहिजे तर एखादा दात बदला, आणि बदललेली गाय शेजाऱ्यालाही द्या. मला त्यातला एकही दात वाचता येत नाही ही गोष्ट वेगळी. इंग्रजीतल्या ‘फ्री’चा अर्थ मुक्त असा घ्या, फुकट असा नको, हे ती मंडळी, म्हणजे १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा करणारा रिचर्ड स्टॉलमन आणि त्याचे साथी, वर्षानुवर्षं समजावून सांगतायत. आपल्याकडे दोन्हीला वेगवेगळे शब्द तयार आहेत, आणि आपण त्यातून बरोब्बर फुकट उचलतो.

आणि लिनक्सची सुरुवात तर बघा. लिनस टोरवाल्ड्स, हेलसिंकीतला २१ वर्षांचा विद्यार्थी, २५ ऑगस्ट १९९१ ला लोकांना सांगतो की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, छंद म्हणून, फार मोठं काही व्हायचं नाही. आज जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांवर, म्हणजे अगदी पाचशेच्या पाचशेंवर, तेच चालतं. अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच. म्हणजे ज्याला घाबरून मी ड्रॉवर बंद केला त्याला पुढे इतकी वर्षं पर्समध्ये घेऊन फिरत होते.

तर मिंट नावाचं लिनक्स उतरवलं, पेन ड्राइव्ह बूटेबल केला, म्हणजे त्याच्यावरून कॉम्प्युटर चालू होईल असा, चालू करताना एफ १२ दाबायचं का डिलीट यात चारपाच वेळा चुकून शेवटी एकदाचा हिरवा लोगो आला, सगळं दिसायला लागलं, आवाज, प्रिंटर, मराठी अक्षरं, मी उगाच सगळं उघडून बघितलं. मग इन्स्टॉलवर क्लिक केलं. त्याने दोनचार साधे प्रश्न विचारले आणि एकदम विचारलं, डिस्क पुसून टाकू?

तिथे मी थांबले ती आजतागायत. दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी पण नांदतात, पण डिस्कवर तेवढी जागाच नाही. आणि जागा कशाने भरलीय ते बघायला गेले तर ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, त्याच्या आत परत ‘न्यू फोल्डर’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘हेच पाठवलं’. कुणाला पाठवलं, काय पाठवलं, काही आठवत नाही. मुलगा म्हणतो बॅकअप घे ना, एका तासाचं काम आहे. एका तासाचंच आहे. मी उद्यावर टाकते, आणि पेन ड्राइव्ह लावून बसते. खरं सांगू का, बरं वाटतं. कसली आठवण करून देत नाही, कालचं अर्धवट काही समोर ठेवत नाही. सगळी विसरभोळी माणसं इतकी शांत असती तर.

काल मात्र बंद करताना एक जाणवलं. बंद करायला सांगितलं की तो लगेच बंद होत नाही. स्क्रीन काळी होते आणि एक ओळ येते: पेन ड्राइव्ह काढा आणि मग एंटर दाबा. रोजच येते ती. काल माझं बोट एंटरच्या वर नुसतंच अधांतरी होतं, आणि ते बोट माझं नव्हतंच, बाबांचं होतं.

आमचा पहिला कॉम्प्युटर विंडोज ९८ चा, त्या मशीनला आपणहून बंद होणं जमायचं नाही. शटडाउन म्हटलं की बराच वेळ आत खरखर व्हायची, मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची. तोपर्यंत बाबा बटणावर एक बोट धरून, न टेकवता, वाकून उभे. मागे मी आणि दादा. बोलायचं नाही. अक्षरं आली की बाबा ते अख्खं वाक्य दरवेळी इंग्रजीत वाचायचे आणि मग आमच्याकडे वळून म्हणायचे, आता बंद करायला हरकत नाही. मगच बटण. कधी मधेच लाइट गेले तर पुढच्या वेळी तो निळा पडदा दाखवून आम्हालाच सुनवायचा की नीट बंद केलं नव्हतंत, डिस्क तपासावी लागेल. बाबा दुखावले जायचे. अहो लाइट गेले होते, असं त्याला खरोखर सांगायचे.

अजून फोनवर विचारतात, काय गं, नीट बंद करतेस ना. लिनक्स म्हणजे काय ते त्यांना सांगायचंय एकदा.

मुलगा दारात उभा होता, म्हणाला, दाब की एंटर. म्हटलं थांब जरा, वाचू दे.