आमची वाटचाल: आधी भिंत सुकू द्या

चिपळुणात घराला ओल आली की माणूस आधी रंगाच्या दुकानात जातो, मग मेहुण्याच्या ओळखीतल्या कुणालातरी बोलावतो, आणि खिसा रिकामा झाला की आमच्या ऑफिसचा जिना चढतो. धंद्यात उतरलो तेव्हापासून हा क्रम बदललेला नाही. आता मी त्यावर चिडायचंही सोडलंय, असं घरी सांगत असतो.

गिलावा आणि ओलीच्या दुरुस्तीची आमची फर्म 1998 ची. कोकण रेल्वे सुरू झाली, क्वार्टर्सची कामं आटपली आणि ज्या सबकॉन्ट्रॅक्टरकडे मी सुपरवायझर होतो त्याने गाशा गुंडाळला. तिथेच मिस्त्री भेटले होते. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, शाळा चौथीपर्यंत. माझी जुनी एम-एटी दुचाकी आणि त्यांची हत्यारांची थैली, एवढ्यावर निम्मे-निम्मे ठरलं. कागद केला नाही. आजही नाही.

त्या थैलीत पितळी ओळंबा होता, दोन थाप्या, नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि गिलावा सारखा करायचा सागवानी रंधा. रंध्याची मूठ अंगठ्याच्या जागी खोलगट झालेली, दुसऱ्या कुणाच्या हातात तो नीट बसायचाच नाही. बाहेरच्या भिंतीवर गुरमाळा (गुळगुळीत घोटायची लोखंडी पाटी) फिरवलेला मिस्त्रींना खपत नसे. गुरमाळा जास्त घोटला की सिमेंटचं दूध वर येतं, भिंत चकाकते, मालक खूश होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात बारीक चिरांचं जाळं दिसायला लागतं. रंध्याने पोत खरखरीत राहतो, पण गिलावा धरून राहतो. जुनी भिंत बघायला गेलो की मिस्त्री थापी उलटी धरून मुठीने ठोकत जायचे. भरीव गिलावा टणक वाजतो, सुटलेला बद्द. बद्द वाजेल तिथे कोळशाने गोल. तेवढंच फोडायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. आता पोरांकडे ओल मोजायचं मीटर आहे. ठीक आहे, पण लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, लागलेल्या भिंतीत ते उगाच चढा आकडा दाखवतं. मी अजून थापीवर भरवसा ठेवतो.

2005 च्या पुरानंतर नाव झालं. 2006 ते 2019 बरं चाललं. बंगले, शाळा, दोन देवळं, सोसायट्यांच्या गच्च्यांचे कोबे (पाणी अडवणारा काँक्रीटचा थर). पुढे जाऊ.

लॉकडाऊनमध्ये कारागीर गावाला गेले आणि निम्मेच परत आले. त्यातून सावरतोय तोवर 22 जुलै 2021 उजाडला. वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते काही ठिकाणी पहिल्या मजल्याला टेकलं. आमच्या गोडाऊनमध्ये दीडशेएक गोण्या सिमेंट होतं, त्याचे जागच्या जागी दगड झाले. परांचीच्या फळ्या वाहून गेल्या, मिक्सरच्या मोटरीत गाळ भरला. हे नुकसान मोजता आलं. पुढचं नाही आलं.

गाळ काढून होतोय तोच लोक विचारायला लागले, गणपतीच्या आधी भिंती करून द्याल का? त्या वर्षी चतुर्थी 10 सप्टेंबरला होती. कोकणात गणपतीला घर तयार नसणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. तरी आम्ही दोघांनी एकच उत्तर दिलं. आत्ता नाही. दिवाळीनंतर.

कारण साधं आहे. आपल्याकडची जुनी भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, दीड-दोन फूट जाड, सांधे मातीचे नाहीतर चुन्याचे. चिरा सच्छिद्र. पुराचं पाणी पोटात घेतो आणि सावकाश सोडतो. पंखा लावला की आठ दिवसांत वरचा थर कोरडा दिसतो, आत भिंत ओलीच असते. ते पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. वर कोटिंगचा पापुद्रा असला की क्षार त्याच्यामागे साठतात, स्फटिक फुगतात आणि रंगासकट गिलावा ढकलून देतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात ऑगस्टची हवाच पाण्याने भरलेली. भिंतीने पाणी सोडायचं कुठे?

म्हणून आमची पद्धत अशी. पुराची खूण जिथवर आहे त्याच्यावर एक फूट गिलावा फोडायचा. सांधे खरवडायचे, गाळ गोड्या पाण्याने एकदाच धुवून काढायचा, मग खिडक्या उघड्या. पांढरा लोणा आला की कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकायचा. त्यावर पाणी मारलं की तो विरघळून परत आत जातो. भिंत सुकल्यावर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. नुसत्या सिमेंटचा कडक गिलावा चिऱ्याला श्वास घेऊ देत नाही.

लोकांना हे पटलं नाही असं नाही. त्यांना वेळ नव्हता. आणि तेवढ्यात मोठ्या शहरातली एक कंपनी आली. गाडीवर रंगीत स्टिकर, टी-शर्ट घातलेली पोरं, हातात टॅब आणि 'ओल कायमची बंद, दहा वर्षांची गॅरंटी'. दोन हात प्रायमर, दोन हात कोटिंग, चार दिवसांत खोली तयार. पेठेतली निम्मी कामं त्यांनी उचलली. आमची ठरलेली कामंही गेली. ज्या सोसायटीची गच्ची आम्ही वर्षानुवर्षं सांभाळली, तिथे मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "यांना काम करायचंच नाहीये." मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो.

थांबल्या त्या एक काकू. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. मला शाळेत शिकवलेलं नाही, तरी अरे-तुरे करतात. "तू सांग किती थांबायचं, मी थांबते. पण गणपतीला भिंत उघडी दिसता कामा नये." मिस्त्रींनी भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बांबूची चौकट उभी केली, त्यावर काकूंच्या जुन्या नऊवारी ताणून बसवल्या. मागून वारा खेळता, पुढून मखर. आरतीला आलेल्यांनी सजावटीचं कौतुक केलं. काकूंचा गिलावा आम्ही जानेवारीत केला.

मधले महिने वाईट गेले. काम नाही, पगार द्यायचे, बँकेचा हप्ता चालू. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दसऱ्याच्या आधी मिस्त्री ऑफिसात आले, काजूचे राखून ठेवलेले पैसे रुमालातून काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पोरांचो पगार दे आधी. माझो हिस्सो मागाहून बघू." मी मोजले नाहीत, मोजवलेच नाहीत.

2022 च्या पहिल्या पावसात पेठेत फुगे यायला लागले. बोट लावलं की पापुद्रा सुटायचा, मागे पिठासारखा लोणा. गॅरंटी कार्डावरचा नंबर लागेना. मग सगळे आले, तेच सेक्रेटरीही. त्यांची तळमजल्याची लॉबी आणि मीटररूम आम्ही सगळी सोलून नव्याने केली. शेवटच्या बिलाचे पैसे अजून यायचेत. 'सोसायटीचा एकाच कामावर दोनदा खर्च झाला' हे कारण. दुसऱ्यांदा आमच्यामुळे झाला का? असो.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. ओल लपवायला भिंतीला टाइल लावू नका, ओल टाइलच्या डोक्यावरून निघते. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. जोत्याजवळून चढत असेल तर गोष्ट वेगळी, वरून उतरत असेल तर वेगळी, आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीला असेल तर नहाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा बघा. खाडीची वाळू न धुता वापरली तर पैसे देऊन भिंतीत मीठ भरलंत. तळमजल्याला जिप्सम नको, ओलीने ते मऊ पडतं. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारा, आणि ते कामगार मारतोय का हे सकाळी स्वतः बघा. घट्ट झालेल्या मालात पाणी ओतून पुन्हा कालवणारा गवंडी दिसला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. कपाट भिंतीला चिकटवू नका. हे शेवटचं काकूंनाही ऐकवतो, त्या ऐकत नाहीत.

मिस्त्री आता परांचीवर चढत नाहीत. खाली खुर्ची टाकून बसतात आणि आवाजावरून ओरडतात, "डावीकडे बद्द हा रे!" पोरं वैतागतात, पण तपासतात. आमच्या कोटेशनवर आता एक ओळ छापलेली असते: पावसाळ्यात आतल्या भिंतीला गिलावा अथवा रंग करून मिळणार नाही. यामुळे दरवर्षी काही कामं जातात.

त्या सोसायटीत नवी कमिटी आली. मागच्या महिन्यात गच्चीसाठी कोटेशन मागितलं. दिलं. वाटा (गच्ची आणि भिंतीच्या कोपऱ्यातली गोलाई), कोबा, पाइपांच्या कडा, सगळं तपशीलवार लिहिलं, आणि पहिल्या ओळीत 2022 ची बाकी. अजून उत्तर आलेलं नाही.