टायटेनिया, नोंद अकरावी: नवकंकरी सापडली

‘नवकंकरीत गाळ साचला.’

झाली एकदाची ओळ! आठ-आठ मात्रांची दोन आवर्तनं, एकही अक्षर ओढूनताणून बसवलेलं नाही. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा मराठी अनुवाद करताना, परीराणी टायटेनियाच्या पावसाच्या भाषणात, म्हणजे दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातल्या त्या ३७ ओळींत, मी पाच महिने इथेच अडले होते. मागच्या दोन नोंदी वाचलेल्यांना मूळ ओळीतले ‘नाइन मेन्स मॉरिस’ हे शब्द पाठच झाले असतील.

आधी चूक सांगते, कारण दोघांनी कळवलं की तेही तिथेच घसरले. माझा पहिला खर्डा ‘नऊ गड्यांचा नाच’ असा होता. मॉरिस म्हटलं की इंग्लंडातलं मॉरिस लोकनृत्य आठवतं आणि पाय आपोआप तिकडे वळतात. पण हा नाच नव्हे, सोंगट्यांचा खेळ आहे. इथल्या ‘मॉरिस’च्या मुळाशी जुना फ्रेंच ‘मेरेल’ आहे, आणि मेरेल म्हणजे खेळातली सोंगटी. इंग्लंडात गुराखी आणि गावची मुलं गवत कापून जमिनीतच पट आखायची. पाऊस थांबेना की पट चिखलाने भरून जायचा. टायटेनिया नवऱ्याला, परीराजा ओबेरॉनला तेच सुनावते आहे: तुझ्या-माझ्या भांडणामुळे ऋतू बिघडले आणि माणसांचे खेळसुद्धा बुडाले. नाटक साधारण १५९५-९६ चं. १५९४ पासूनची दोन-तीन वर्षं इंग्लंडात अतोनात पाऊस झाला, पिकं गेली. पहिल्या प्रेक्षकांना त्या चिखलाचं वर्णन करून सांगावं लागलं नसणार.

खेळ कुठला ते कळलं तरी मराठी शब्द मिळेना. ‘सारीपाट’ लिहून पाहिलं. तो कापडाचा, घरात बसून खेळायचा, त्यात चिखल शिरणार कुठून? ‘खेळांचे पट’ लिहिलं तर ओळ मेली. मग ती वगळून पुढे गेले, पण जाहीर वाचनात तिथे पोचले की वाचता वाचता घसा अडकायचा.

गणपतीत आजोळी गेले होते. देवळाच्या ओट्यावर पाऊस थांबायची वाट बघत बसलो होतो. हाताशी दगडात काही रेघा दिसल्या म्हणून नखाने तांबडी माती उकरली. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडलेले. चोवीस घरं. नाटकाच्या आर्डेन आवृत्तीतल्या टिपा वाचून जी आकृती वहीत काढली होती, ती तंतोतंत. मामाला विचारलं तर म्हणाला, “अगं, ही नवकंकरी. आम्ही खडे घेऊन खेळायचो. नऊ तुझे, नऊ माझे, तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक मारायचा. पावसाळ्यात गाळ साचतो ना, मग कोण बसतंय इथे!”

ओळ मामाने दिली. मी फक्त मात्रा मोजल्या.

एरवी मी स्थळ बदलत नाही, हे नियमित वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. अथेन्सचं रान अथेन्सचंच राहतं, वुडबाइन या वेलीची मधुमालती करत नाही. मग नवकंकरी कशी चालते? कारण इथे एकाच्या जागी दुसरं आणून ठेवलेलं नाही. खेळ तोच आहे. पट तोच, सोंगट्या नऊ-नऊच, आपल्याकडे किल्ल्यांवर आणि लेण्यांत कोरलेला सापडतो. शिवाय कंकर म्हणजे खडा, मेरेल म्हणजे सोंगटी. नावसुद्धा तेच सांगतं! त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक फरक मात्र उरतो. दगडातला गाळ नखाने निघतो, गवतातला पट चिखलाखाली कायमचा जातो. ते गमावलेपण पुढच्या ओळीत आणलंय. मूळात हिरवळीतल्या भुलभुलैयाच्या वाटा पायांखाली न आल्यामुळे ओळखू येत नाहीत. मी लिहिलं: ‘पायांवाचुन वाट मोडली’. वाट मोडणे हा आपला किती जुना आणि नेमका शब्दप्रयोग आहे! भुलभुलैया मात्र राहून गेला, तो दोन ओळी पुढे घेता येतो का बघते.

याच धुंदीत कणसाची ओळही सुटली. मूळात हिरवं धान्य दाढी येण्याआधीच कुजतं. मागे ‘पीक पोटरीतच सडलं’ असं केलं होतं. शेतकऱ्याच्या तोंडी ते शोभतं, पण तारुण्याची प्रतिमा हातची जाते. आता असं:

मिसरुड फुटले नाही तोवर
कणीस कुजले उभ्या शिवारी

‘मिसरुड’चा रु ऱ्हस्व केलाय, तेवढी सूट घेते. मरीने मेलेल्या मेंढ्यांवर माजलेले कावळे अजून नीट बसत नाहीत, पण ते बसतील.

साधनांबद्दल थोडं. सुकांत चौधुरींनी संपादित केलेली २०१७ ची आर्डेन आवृत्ती घ्याच, टिपा भरभरून आहेत. शेतीच्या शब्दांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोशच, त्याचीही १८५७ ची दुसरी आवृत्ती. ऑनलाइन शोधता येते, पण खरी मजा छापील प्रतीत शेजारचे शब्द वाचण्यात आहे. यमक सुचवणारी ॲप मी काढून टाकली. त्यांना मात्रा कळत नाहीत.

खरं तर इथे थांबून पुढच्या वेळी पऱ्या टायटेनियासाठी गातात ते अंगाईगीत घेणार होते. पण ही नोंद लिहितानाच एक गोष्ट सुचली आणि बेत बदलला. याच भाषणात पुढे हिवाळ्याचा म्हातारा ‘हीएम्स’ येतो, लॅटिन नावाने. मी तिथे ‘शिशिर’ ठेवला होता, कारण आपल्याकडे हेमंत सुखाचा आणि शिशिर पानगळीचा. पण हीएम्स आणि हेमंत एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत, आपलं ‘हिम’ही तिथलंच! नवकंकरीचा न्याय लावायचा तर हेमंतच हवा:

हेमंताच्या हिममुकुटावर

पुन्हा सोळा मात्रा. त्यावर उन्हाळ्यातल्या सुगंधी कळ्यांची माळ जणू थट्टेने घातलेली, ती ओळ आज रात्री. थंडीची धार कमी होते, हे मान्य. ‘हिम’ ती भरून काढेल असं वाटतं. शिशिरवाल्यांनी जरूर भांडावं.

म्हणजे अंगाई पुढे ढकलली, कारण चंद्र राहिलाय. मूळात चंद्र बाई आहे, पुरांवर राज्य करणारी, रागाने फिकटलेली. टायटेनिया हे नावच रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’मधलं, तिथे ते डायनाला लावलेलं, आणि डायना म्हणजे चंद्राची देवता. म्हणून ही बाई चंद्राबद्दल बोलते तेव्हा जणू आपल्याच घरातल्या कुणाबद्दल बोलते. मराठीत ‘तो चंद्र’ म्हटलं की नातंच तुटतं. पण कोर स्त्रीलिंगी! नाटकही अमावास्येकडे चाललेलं, अथेन्सच्या ड्यूकची वाग्दत्त वधू हिपोलिटा सुरुवातीलाच नव्या कोरेला चंदेरी धनुष्य म्हणते. आणि कोकणातल्या कुणालाही विचारा, अवसेनंतर एक-दोन दिवसांत, बीजेच्या कोरेलाच उधाण जोरात असतं.

उधाणराणी चंद्रकोर ती

‘राणी’ शब्द टायटेनियाचा आहे, तो कोरेला द्यावा का, यावर अजून मन ठरत नाही. ‘धनीण’ही चार मात्रांतच बसतं. कुणाकडे चार मात्रांचा, मालकीण या अर्थाचा आणखी शब्द असेल तर कळवा.