रीळभर गाणे

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजोबांचा चावीचा ग्रामोफोन अजून आहे, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक आहे. बडोद्याच्या दरबारी फैयाज खाँसाहेबांनाही रेकॉर्डवर तेवढ्याच वेळात राग उभा करावा लागे. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात व्हिटाफोन या सुरुवातीच्या अमेरिकी बोलपट-पद्धतीचे जुने संगीत-लघुपट मी पाहू लागलो, तेव्हा मला पहिले कुतूहल वाटले ते चित्राचे नव्हे, तर तबकडीचे.

वॉर्नर ब्रदर्सने ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये या लघुपटांचा पहिला खेळ केला. त्यांतला आवाज फिल्मवर नव्हताच. तो १६ इंची तबकडीवर असे. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेई, म्हणून हजार फुटांच्या एका रिळाला, म्हणजे सुमारे ११ मिनिटांना, एक तबकडी पुरत असे. सुई आतून बाहेर सरके. फिल्म तुटली आणि चार चौकटी वाया गेल्या, तर तितक्याच चौकटींची काळी पट्टी जोडावी लागे. नाहीतर तिथून पुढे गायकाचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. वीसेक खेळांत तबकडी झिजे, म्हणून प्रत्येक खेळाची खूण तिच्या लेबलवरच्या चौकोनांत करायची पद्धत होती. पुढे फिल्म एका ठिकाणी आणि तबकडी भलतीकडे अशी अनेक लघुपटांची ताटातूट झाली. १९९१ पासून काही हौशी संग्राहक या जोड्या पुन्हा जुळवत आहेत, आणि माझे रात्रीचे जागरण त्यांच्याच कृपेने चालते.

सगळेच पाहण्यासारखे आहे असे मी म्हणणार नाही. विनोद बहुतेक शिळे झाले आहेत, आणि गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केलेल्या कृष्णवर्णीयांच्या नकला तर मी सरळ पुढे ढकलतो. पण पहिल्याच खेळातला रॉय स्मेक पाहावा. हवाईयन गिटार, युकुलेली, बँजो, हार्मोनिका अशी वाद्ये तो एकापाठोपाठ एक हाताळतो. ध्वनिमुद्रणात काटछाट शक्यच नसल्यामुळे जे वाजले ते वाजले. चूक झाकायला जागा नाही. वाजवून झाल्यावर तो वाकून अभिवादन करतो, आणि टाळ्यांच्या जागी नुसती सुईची खरखर ऐकू येते. माझी आत्या संगीत महाविद्यालयात गाणे शिकलेली. ती म्हणाली, "अरे, दाद न देता असं उठवतात होय कुणाला?"

तिला खरे धरून ठेवले ते १९२९ च्या ‘सेंट लुईस ब्लूज’ने. हा व्हिटाफोनचा नव्हे, आणि रीळभरापेक्षा थोडा लांबही आहे. ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी गानप्रकाराची गायिका बेसी स्मिथ पडद्यावर दिसते ती एवढ्या एकाच चित्रपटात. प्रियकर तिला ढकलून निघून जातो, ती जमिनीवर पडल्या पडल्याच गाऊ लागते, आणि पुढे दारूच्या गुत्त्यात एकटी टेकून उभी राहून तेच गाणे चालू ठेवते, तेव्हा भोवतालचे सगळे गिऱ्हाईक वृंदगान होऊन तिच्या मागे उभे राहते. प्रसंग म्हणून हे हास्यास्पद आहे. गुत्त्यात एवढे तयारीचे गळे कुठून येणार? आत्याला मात्र त्याचे काही वाटले नाही. शब्द तिला कळत नव्हते, पण एकच ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते, ही रचना तिने लगेच पकडली. "दुसऱ्यांदा मुखडा घेताना ती थोडी मागे राहते बघ, लयीला टेकत नाही," असे म्हणून तिने तेवढा तुकडा मला चार वेळा मागे न्यायला लावला, आणि चौथ्या वेळी मांडीवर ठेका धरून ती उशीर नेमका किती मात्रांचा आहे ते मोजत बसली.