आरव्ही-७ चा अल्टरनेटर बदलताना

ओहायोतल्या एका छोट्या विमानतळावर माझं आरव्ही-७ विमान असतं. किट आणून घरीच बांधलेलं, दोन सीटचं, लायकमिंग ओ-३६० इंजिनाचं. बांधताना गाडीचा ३५ अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) बसवला होता, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर त्याच्या पोटातच. काट्यांच्या मीटरांना तेवढा पुरायचा. मग स्क्रीन आल्या, ऑटोपायलट आला, २०२० पासून बऱ्याच हवाईक्षेत्रात सक्तीचं झालेलं एडीएस-बी, म्हणजे विमान कुठे आहे ते आपोआप कळवणारं यंत्र, आलं. थंडीत पिटोचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीचा, हीटर लावला की तो एकटाच दहाएक अँपिअर खातो. सगळं एकत्र धरून बेरीज तिसाच्या वर गेली.

पण अँपिअर हे निमित्त. मला घोर होता तो पोटातल्या रेग्युलेटरचा. तो बिघडून फील्डला, म्हणजे अल्टरनेटरातल्या चुंबकाच्या गुंडाळीला, करंट देतच राहिला तर व्होल्टेज वेड्यासारखं चढतं, आणि अशा बऱ्याच अल्टरनेटरांत पॅनलवरचा स्विच पाडूनही काही होत नाही. मघाच्या त्या स्क्रीनच्या किमती आठवा म्हणजे झालं.

म्हणून ६० अँपिअरचा अल्टरनेटर घेतला आणि रेग्युलेटर वेगळा, क्रोबारवाला. व्होल्टेज सोळाच्या वर गेलं की क्रोबार फील्डची लाइन सरळ ग्राउंडला शॉर्ट करतो, ५ अँपिअरचा ब्रेकर उडतो, अल्टरनेटर गप्प. वाचवण्यासाठी मुद्दाम शॉर्ट करायचं, याची मला अजून गंमत वाटते. विमानात बसवण्याआधी टेबलावरच पॉवर सप्लाय जोडून व्होल्टेज हळूहळू चढवलं. पंधरा, साडेपंधरा, काही नाही. सोळा ओलांडलं आणि ब्रेकरचं बटण टक्कन बाहेर आलं. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

वैताग बेल्टचा. तो प्रॉपेलरच्या मागून जातो, त्यामुळे साधा बेल्ट बदलायचा तरी प्रॉपेलर उतरवा, मग बोल्ट ठरल्या जोराने आवळा, ते सुटू नयेत म्हणून सेफ्टी वायर ओढा. प्रॉपेलर निघालाच आहे तर एक जादा बेल्ट आत बांधून ठेवला. जाड केबलचे लग, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्या, मात्र भाड्याच्या हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले. इंजिन हादरत असताना पक्कडीने दाबलेल्या लगवर माझा भरवसा नाही.

घरी बांधलेलं, एक्स्परिमेंटल गटातलं विमान असल्याने हे काम मालकाला स्वतः करता येतं. लॉगबुकात नोंद केली आणि नाकाकडचं वजन बदललं म्हणून वजन-समतोलाचा तक्ता नव्याने काढला.

जमिनीवर सगळे दिवे, हीटर लावून इंजिन चालवलं, व्होल्टेज १४.३ वर ठाम. फक्त हेडसेटमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येऊ लागली. हेडसेटचे जॅक पॅनलच्या पत्र्यालाच ग्राउंड होत होते. त्यांना प्लास्टिकचे वॉशर लावून ग्राउंडची वायर थेट ऑडिओ पॅनलला नेली, शिट्टी गेली. नवा बेल्ट सुरुवातीला सैल पडतो, तेव्हा पहिल्या २५ तासांत त्याचा ताण पुन्हा बघायचा आहे.