दिवे लागल्यावर हिशोब नाही

केळी पडली त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येकाने "धीर धरा" म्हटलं. पण धीर धरायचा म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते कोणी सांगेना. आम्ही ते हळूहळू जमवत गेलो, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव रावेर तालुक्यात, तापीकाठच्या पट्ट्यात. आमची मृगबाग होती, म्हणजे आदल्या जूनमधली लागवड. वर्ष भरत आलेलं, घड भरलेले. केळीचं खोड म्हणतात खरं, पण ते लाकूड नसतं, पानांच्या देठांची गुंडाळी असते, आत पाणीच पाणी. वर जड घड आणि खाली उथळ मुळ्या. जूनच्या सुरुवातीला वादळ आलं आणि बघता बघता सगळी बाग एका अंगाला झोपली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराचा भाव ऐकवून आम्हाला जो भाव सांगितला, त्यात कापणीची मजुरीही निघाली नसती.

पहिले दिवस धावपळीचे होते. फळपीक विम्यात वाऱ्याने झालेल्या नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते. मुलाने मोबाइलवरून ती दिली, फोटो चढवले. मग तलाठी, कृषी सहायक, पंचनामा. करायला काहीतरी होतं तोवर आमचे हे ठीक होते. पंचनामा झाला आणि हे ओट्यावर जे बसले, ते बसलेच. फोन उचलायचा नाही. ताट समोर आलं की "नंतर". रात्री तीनला उठून अंगणात येरझाऱ्या.

मी सगळ्यात आधी एक काम केलं आणि कोणाला सांगितलं नाही. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या शेतकऱ्याच्या घरात जिन्याखाली नाहीतर न्हाणीजवळ असतातच. त्या पोत्यात भरल्या, दिराच्या गोडाऊनमध्ये नेल्या आणि म्हटलं, "भाऊजी, कुलूप लावा आणि किल्ली तुमच्यापाशीच ठेवा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. लोक म्हणतात, ज्याच्या मनात आलं तो काहीही करून करेल. तसं नसतं. ती घटका वाईट असते. हाताशी काही सापडलं नाही आणि घटका टळली, तर माणूस पुष्कळदा मागे फिरतो. जिच्या घरी असे दिवस आहेत तिने बाकी सगळं नंतर करावं.

दुसरं, 14416 ला फोन. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. हे म्हणाले, "मी काय वेडा झालोय का?" म्हणून गच्चीवर जाऊन मीच लावला, माझ्या स्वतःच्या नावाने. पलीकडच्या बाईंनी झोप, जेवण विचारलं आणि मग सरळ विचारलं, जगण्यात अर्थ नाही असं ते बोलतात का? मला कापरंच भरलं. त्यांनी सांगितलं की विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. दोन दिवसांनी मी यांना विचारलं. हे बराच वेळ गप्प बसले, मग रडले. त्यानंतर डॉक्टरांकडे न्यायला अडचण आली नाही. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मनाने बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

आता रोजचं. बाग साफ करायची होतीच. रोटाव्हेटर एका दिवसात फिरला असता, पण मी म्हटलं, नको, पिलं वाचवू. मोडलेलं खोड कापायचं, बुंध्याशी आलेल्या पिलांपैकी, म्हणजे नव्या कोंबांपैकी, एकच जोमदार ठेवायचं, बाकीची काढायची. त्यातून पिलबाग उभी राहते आणि नव्या लागवडीपेक्षा लवकर येते. मग ठरलं की रोज उजाडता जायचं, दोन ओळी करायच्या आणि परत यायचं. तिसरी ओळ करायची नाही, अंगात जोर असला तरी. विळा मारला की खोडातून पाणी पायावर यायचं. केळीचा चीक लुगड्याला लागला की तो डाग मरेपर्यंत जात नाही, म्हणून माझं एकच जुनं लुगडं त्या कामाला. पहिले काही दिवस हे नुसते बांधावर उभे राहायचे. मी पिलू चुकीचं ठेवतेय असं वाटलं की मात्र राहवायचं नाही, खाली यायचे. (खरं सांगते, काही वेळा मी मुद्दाम चुकीचं ठेवलं.)

घरी आल्यावर सासूबाईंनी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा तयार ठेवलेला असायचा. त्या फक्त "पहिले जेव" म्हणायच्या, बाकी एक शब्द नाही. त्यांच्यासमोर "नंतर" चालत नव्हतं.

कर्जाची वही हे माझं काम. सोसायटीचं पीककर्ज, बँकेत ठेवलेले दागिने, कृषी केंद्राची उधारी, मामेसासऱ्यांचे हातउसने; सगळं एका पानावर, तारखेसह. डोक्यात ते डोंगराएवढं होतं, पानावर चार ओळी झाल्या. रक्कम कमी झाली नाही, पण मध्यरात्री आठवून मोजायची गरज उरली नाही. वही उघडायची सकाळी, भाकरीनंतर. दिवे लागले की कर्ज, विमा, भाव, यातलं काही बोलायचं नाही. कोणी पाहुणा बोलायला लागला तर मी सरळ म्हणायचे, "सकाळी या."

सगळंच जमलं असं नाही. मुलाने मोबाइलवर ध्यानाचे व्हिडिओ लावून दिले, त्यात दोघंही झोपून गेलो. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा असंही कोणीतरी सांगितलं. यांनी पहिल्या दिवशी "पाऊस आला" एवढंच लिहिलं आणि वही परत दिली. सकाळी-सकाळी गुलाबाच्या फुलावर सुविचार पाठवणारे ग्रुप मी बंदच करून टाकले.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. यंदा नको, हे म्हणाले, कोणत्या तोंडाने बसवायची. सासूबाईंनी ऐकलं नाही. रोटाचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा, गहू घरातल्या माणसांच्या हिशोबाने मोजायचा असतो. त्यांनी मोजायला यांनाच बसवलं. भाऊबंद आले, रात्रभर गाणी झाली. दोन चुलतभावांचीही बाग त्याच वादळात गेली होती. तिघं ओट्यावर बसून कितीतरी वेळ बोलत होते. काय ते मी विचारलं नाही.

विम्याचे पैसे खूप उशिरा आले, खर्चापेक्षा कमी. पिलबाग मात्र निघाली आणि भावही बरा मिळाला. दागिने अजून बँकेत आहेत. गोळ्या डॉक्टरांनीच कमी करत आणल्या. तीनला जाग येते कधीकधी, तेव्हा मला उठवायचं असं ठरलेलं आहे. आताशा संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मीच विसरून हप्त्याचं काढते, आणि हे ताटावरून मान वर न करता म्हणतात, "सकाळी."