फोटो फुटू नये म्हणून

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचे ठरवले आणि फोटो गोळा करून छपाईसाठी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात १९७८ सालचा, चौथीच्या वर्गाचा एक कृष्णधवल फोटो होता. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलाच्या हातात पाटी असून तिच्यावर खडूने इयत्ता आणि साल लिहिलेले आहे. हा फोटो पानाच्या पूर्ण रुंदीत, म्हणजे सात इंचांत यावा अशी माझी मनापासून इच्छा होती, कारण त्यातल्या आमच्या बाई आता हयात नाहीत आणि त्यांचा दुसरा फोटो कुणाकडेच निघाला नाही.

माझ्याकडे आला तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरलेला फोटो. स्मरणिकेची मांडणी करणाऱ्यांनी तो पाहून लगेच कळवले, "ताई, हा फोटो फुटतोय. तीनशे डीपीआयचा पाठवा." मी तो गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, तेव्हा तो १०८० बाय ७२० पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या ठिपक्यांचा, आणि ७२ डीपीआयचा दिसला. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे तो आकडा. मी ७२ च्या जागी ३०० लिहून तो परत पाठवला आणि काम झाले असे समजले. तासाभरात पुन्हा तोच निरोप आला.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा हिशेब ध्यानात आला. डीपीआय बदलल्याने फोटोतला एकही पिक्सेल वाढत नाही. तेच १०८० पिक्सेल ७२ ने भागले तर पंधरा इंचांत पसरतात आणि ३०० ने भागले तर जेमतेम ३.६ इंचांत मावतात. सात इंचांसाठी मला २१०० पिक्सेल हवे होते. 'स्केल इमेज'मध्ये तो आकडा घालून फोटो ताणूनही पाहिला, पण पाटीवरची अक्षरे ओल्या हाताने पुसल्यासारखी झाली आणि बाईंच्या साडीचा काठ पदरात विरून गेला. सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल अंदाजाने भरते. जो तपशील फोटोत उरलेलाच नाही, तो ते आणणार कुठून?

मूळ फोटो एका वर्गमैत्रिणीच्या माहेरी, ट्रंकेत सापडला. सहा बाय चार इंचांचा तो कागद ६०० डीपीआयवर स्कॅन केला, तेव्हा ३६०० बाय २४०० पिक्सेल हाती आले, आणि आता मला फोटो वाढवायचा नव्हता तर कमी करायचा होता. रुंदी आणि उंचीच्या आकड्यांना बांधून ठेवणारे साखळीचे चिन्ह जोडलेले ठेवून २१०० लिहिताच उंची आपोआप १४०० झाली. साखळी तुटलेली राहिली असती तर माणसे बसकी तरी दिसली असती किंवा लांबट तरी. आकार घटवल्यावर येणारा किंचित मऊपणा घालवण्यासाठी हलके शार्पनिंग केले, म्हणजे कडा थोड्या ठसठशीत केल्या, आणि छपाईसाठी टिफ फाइल दिली, कारण तिच्यात सहसा तपशील कमी होत नाही. मूळ स्कॅनला मात्र हात लावला नाही. त्याची प्रत काढूनच सारे काम केले.

गावकऱ्यांना मोबाइलवर पाठवायची प्रत मी त्याच मूळ स्कॅनवरून वेगळी केली: १२०० पिक्सेल रुंद, जेपेग, म्हणजे थोडा तपशील गाळून फाइल लहान करणारा प्रकार. एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यू चालू ठेवला की गुणवत्तेची पट्टी सरकवताना फाइलचा आकारही दिसतो आणि चित्रातला फरकही. चाळिसावर आणले, तेव्हा खडूच्या अक्षरांभोवती बारीक चौकोन उमटले, कारण जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येकातला बारकावा कमी करते. पंच्याऐंशीवर ते माझ्या डोळ्यांना दिसेनासे झाले. उघडून पुन्हा जेपेगमध्ये साठवले की बहुधा आणखी थोडी हानी होतेच, म्हणून सगळे बदल आधी उरकून एक्स्पोर्ट शेवटी एकदाच केले. काही जणांनी घरी काढलेले नवे फोटो दिले होते. त्यांत जागेची नोंद असू शकते, म्हणून वाटायच्या प्रतींसाठी एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोसोबत ठेवलेल्या नोंदी, साठवण्याची खूण मी काढून टाकली.

छापखान्यातून कच्ची प्रत आली, तेव्हा मी आधी तेच पान उघडले. पाटीवरचा ४ स्वच्छ वाचता येत होता, साडीचा काठ वेगळा दिसत होता, आणि पाटीच्या लाकडी चौकटीचा निखळलेला कोपरा कुणीतरी तारेने बांधला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.