मॉनिटर तोच, पीसी नवा

शेवटी जुना डेस्कटॉप काढला. आय५-४४६० प्रोसेसर, जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, सगळा २०१४च्या पिढीचा माल, आणि एवढी वर्षं चालला त्यामुळे त्याला नावं ठेवायला तोंड नाही माझं. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलमधे एक-दोन अपवाद सोडले तर अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली ते उतरत नाही, हा बिचारा चौथीतला. जुगाड करून टाकता येतं माहितीये, पण २ जीबीच्या कार्डावर आजचे गेम चालवायचे म्हणजे मेनू दिसला तरी नशीब समजायचं.

आता कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला, अरे नुसतं ग्राफिक्स कार्ड बदल ना. हे खरं की खोटं ते फुकटात तपासता येतं. गेमचं रिझोल्युशन १०८०पीवरून ७२०पीवर आणायचं आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम येतात, ते बघायचे. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात म्हणजे कार्डाचं काम एकदम हलकं होतं, तरीही आकडा जागचा हलला नाही तर अडवणारा प्रोसेसर आहे. माझ्याकडे गर्दीच्या ऑनलाइन गेममधे नेमकं हेच होत होतं. प्रोसेसरचे चार कोअर, चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), सगळे १०० टक्क्यांवर, आणि मधेच असा हिसका बसायचा की समोरचा मारून निघूनपण जायचा. सरासरी एफपीएस बघितले तर ठीक दिसतात हो, घोळ त्या हिसक्यात असतो. ६० एफपीएसला एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, एखादी फ्रेम १०० मिलिसेकंदांना गेली तरी सरासरीला काही फरक पडत नाही पण डोळ्याला लगेच कळतं. म्हणून रिव्ह्यू बघताना मी आता सरासरी सोडून १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा आकडा, आधी बघतो.

बजेट बिल्ड म्हटलं की लोक प्रोसेसरपासून सुरुवात करतात, मी मॉनिटरपासून केली, आणि माझं मत असं की बजेटवाल्याने तिथूनच करावी. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ, चांगला चाललाय, तो बदलायचा नाही हे पक्कं. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी ३६.९ लाख, फोर-के जवळजवळ ८३ लाख. मग फोर-केच्या तक्त्यांत वर असलेलं कार्ड बघून मी काय करणार, ७५च्या पुढचे एफपीएस या मॉनिटरवर दिसतच नाहीत. एकदा हे डोक्यात बसलं की अर्धी यादी आपोआप गळते.

तर कार्ड घेतलं आरएक्स ६६००. ८ जीबी, १३२ वॅट, एकच ८ पिनची वायर. ८ जीबी आता कमी पडतात असं सगळीकडे ओरडा आहे आणि १४४०पीला तो बरोबरपण आहे, १०८०पीला टेक्स्चर एक पायरी खाली घेतलं की बहुतेक ठिकाणी निभावतं. मात्र यात एक खाच आहे जी दुकानाच्या पानावर ठळक लिहिलेली नसते. हे कार्ड पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता) सोळा नाही, आठच लेन वापरतं. पीसीआयई ४.०च्या बोर्डावर काही त्रास नाही, पण बोर्ड ३.०चा असला तर रस्ता निम्मा होतो, आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरून डेटा साध्या रॅममधे सांडायला लागला की मग ते जाणवतं. म्हणूनच स्वस्तातला ए५२० चिपसेटचा बोर्ड सोडून बी५५० घेतला, कारण ए५२०वर ४.० मिळतच नाही. आणि नुसतं कार्ड बदलून जुन्या मशीनमधे हेच टाकलं असतं तर तो बोर्डपण ३.०चाच होता.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, पंखा खोक्यातच येतो. यावर मला ऐकून घ्यावं लागलं की एएम४ (या प्रोसेसरची बोर्डावरची खाच) मेलेला सॉकेट आहे, नवा एएम५ घे, पुढे अपग्रेड करता येईल. बरोबर आहे, येईल. पण मी मागच्या मशीनमधे इतक्या वर्षांत एकदाही प्रोसेसर बदलला नाही, बदलायची वेळ आली तेव्हा बोर्ड, रॅम सगळंच बदलावं लागलं, मग न वापरायच्या सोयीचे पैसे आज कशाला भरू? एएम५ला महाग डीडीआर५ रॅमच लागते, तो पैशाचा फरक मी कार्डात आणि एसएसडीत घातला. दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी बदलणाऱ्याने मात्र खुशाल एएम५ घ्यावा.

केबिनेट जुनंच ठेवलं. एटीएक्सची (बोर्ड आणि केबिनेटच्या मापांचं मानक) भोकं १९९५पासून जिथे आहेत तिथेच आहेत, फक्त कार्डाची लांबी मोजून घ्यायची. डीव्हीडी ड्राइव्ह काढला, पुढे दोन १२० एमएमचे पंखे लावले, झालं. पॉवर सप्लाय मात्र नवा, ५५० वॅटचा, यात तडजोड नाही. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही, म्हणून त्या मॉडेलचा उघडून केलेला रिव्ह्यू शोधायचा. आणि सप्लाय मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणारा) असेल तर जुन्या सप्लायच्या वायरी नव्याला कधीच लावायच्या नाहीत, टोक बसतं पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असू शकते, एका सेकंदात हार्ड डिस्क जळते.

जोडणीत फार काही नाही, व्हिडिओ ढिगाने आहेत. एक गोष्ट त्यात पटकन निघून जाते, प्रोसेसरच्या खोक्यातला छोटा पंखा स्क्रूने थेट बोर्डाच्या मागच्या प्लेटला बसतो, त्यामुळे बोर्डावर आधीच लावलेले प्लास्टिकचे दोन कंस काढावे लागतात आणि ते काढले की मागची प्लेट सुटून खाली पडते, हात धरून ठेवायचा. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे. एकच १६ जीबीची पट्टी घेऊन पुढे दुसरी टाकू असं ठरवलेले लोक ती दुसरी कधीच टाकत नाहीत, आणि तोवर बँडविड्थ निम्मी.

चालू झाल्यावर आधी बायोसमधे (बोर्डाच्या सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग. ३२००ची रॅम ते ऑन केल्याशिवाय २१३३-२४००च्या आसपास चालत बसते आणि कुणी काही बोलत नाही, वर्षानुवर्षं तशीच चालवणारे आहेत. मग विंडोज नव्याने एनव्हीएमई एसएसडीवर, जुनी कॉपी उचलून आणायच्या भानगडीत पडलो नाही, ती एमबीआरवर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) होती आणि ११ला युईएफआय (बायोसचा नवा प्रकार) आणि जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) पाहिजे. हार्ड डिस्क फक्त फोटो आणि जुन्या फायलींसाठी लावली.

गेममधे एफपीएस ७२ला बांधून टाकलेत, फ्रीसिंक (मॉनिटर कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतो ते) चालू, पंख्याचा आवाज जवळपास नाही. शॅडो आणि व्हॉल्युमेट्रिक धुकं मिडियमवर, बाकी हाय, आणि हे दोन खाली केलेलं खेळताना कुणाच्या बापाला कळत नाही.

जुना बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकत्रच कुणालातरी देणार, डीडीआर३ नव्यात बसत नाही, आणि त्या आय५मधे स्वतःचं ग्राफिक्स असल्याने घरगुती फाइल सर्व्हरला तो सेट झकास आहे. ७५० टीआय मात्र देत नाही. ५६००ला स्वतःचा डिस्प्लेच नाही, उद्या कार्ड बंद पडलं तर स्क्रीन काळी, आणि हे ६० वॅटचं कार्ड वेगळ्या वायरीशिवाय चालतं. फक्त त्या काळच्या काही कार्डांच्या बायोसला युईएफआय येत नाही, त्यामुळे सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) चालू असताना यावर डिस्प्ले येतो का ते एकदा लावून बघायचंय, बहुतेक या रविवारी.